ऑक्टेनचा आकडा

तेल पाण्यात मिसळत नाही, असं शाळेत शिकवतात. साफ खोटं. मिसळतं, पण इतकं थोडं की मास्तरांनी कंटाळून ते सोडून दिलं. ते 'थोडं' म्हणजे नक्की किती, हे मोजण्यात आमच्या बाईंची एकतीस वर्षं गेली.

मी त्याच प्रयोगशाळेत काच फुंकायला होतो. नळ्या ओढायच्या, फ्लास्क फुगवायचे, तोट्या घासून बसवायच्या, कुणी काही फोडलं की आधी त्याला चार शब्द सुनवायचे आणि मग सांधून द्यायचं. मला सगळे 'काचवाले' म्हणायचे. स्वभाव तापट. दिवसभर ज्योतीसमोर बसणाऱ्याचं डोकं थंड कसं राहणार, असं मी म्हणतो. बायको म्हणते, ज्योतीला उगाच दोष देऊ नका, तुम्ही लग्नाच्या दिवशीही असेच होता.

बाई शास्त्रज्ञ नव्हत्या. भरतीच्या कागदावर 'सहायक' लिहिलं होतं आणि निवृत्तीच्या कागदावरही 'सहायक'च. मधल्या काळात चार साहेब आले आणि गेले, प्रत्येकाला पेट्रोल, रॉकेल, बेन्झिन पाण्यात किती विरघळतं ते बाईंनीच शिकवलं, आणि प्रत्येक जण ते दुसऱ्या दिवसापासून बाईंना शिकवायला लागला. बाई ऐकून घ्यायच्या. मी असतो तर फ्लास्क डोक्यात घातला असता, म्हणजे माझाच फ्लास्क, आणि परत मलाच करावा लागला असता.

आमच्याकडे पाणी तपासायला यायचं. कुठे जमिनीतली टाकी गळाली, कुठे कारखान्याचं गटार फुटलं, कुणाच्या विहिरीला वास यायला लागला, की लोक बाटल्या भरून घेऊन यायचे. बाटलीत तेल किती आहे हे यंत्र सांगतं. पण ते पाण्यात विरघळलेलं आहे की बारीक थेंब होऊन सुटं फिरतंय, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी आधी माहीत पाहिजे, की पाणी जास्तीत जास्त किती तेल पोटात घेऊ शकतं. त्याच्या वर आकडा गेला की समजायचं, सुटं तेल आहे, म्हणजे गळती अजून चालू आहे, खणा आणि शोधा. ही जी वरची मर्यादा, ती बाई मोजायच्या.

काम बघायला गेलात तर तुम्हाला झोप येईल. तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला त्यांची खोली. तिथे जेवणाच्या टेबलाएवढं पाण्याचं टाकं, रात्रंदिवस पंचवीस अंशांवर ठेवलेलं. त्यात माझा पाच लिटरचा फ्लास्क गळ्यापर्यंत बुडवलेला. आत शुद्ध पाणी, वर तेलाचा पातळ थर. खाली ढवळणी, तीही इतकी सावकाश की तिच्यापेक्षा आमच्या कार्यालयातली फाइल लवकर हलेल. जोरात ढवळून चालत नाही. जोरात ढवळलं की तेलाचे कण पाण्यात अडकतात, डोळ्याला दिसत नाहीत, पण आकडा फुगवतात. एक दिवस ढवळायचं, मग ढवळणी बंद करून तीन दिवस काहीही करायचं नाही. हात लावायचा नाही, दार आपटायचं नाही. मग फ्लास्कच्या तळाशी असलेल्या तोटीतून पाणी काढायचं. वरून नळी घालायची नाही, कारण नळी तेलाच्या थरातून जाते आणि जाताना एक थेंब बरोबर नेते. तळातून काढायचं, पहिलं वाटीभर फेकायचं, मग नमुना घ्यायचा.

बाईंच्या दारावर पुठ्ठ्याचा तुकडा लटकलेला असायचा: 'थांबा'. एकदा वरून कोणी मोठे अधिकारी तपासणीला आले, पाटी न वाचता दार ढकललं आणि आत येताना आपटलं. बाईंनी त्यांच्यासमोरच वहीतला 'दिवस तिसरा' खोडला आणि 'दिवस पहिला' लिहिलं. अधिकाऱ्यांना वाटलं, हा काहीतरी मानाचा प्रकार आहे. ते हसून गेले. अख्ख्या इमारतीत बाईंना मागून 'थांबाबाई' म्हणायचे, आणि पुढूनही एकदोघांनी म्हणून बघितलं, तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे की.

अशी अठरा द्रव्यांची मोजणी झाली. त्याचं कोष्टक आमच्या प्रयोगशाळेच्या पुस्तकात छापलेलं होतं. विहिरी तपासणारे, टाक्या बसवणारे, सगळे ते पुस्तक उघडून बसायचे. कोष्टकाखाली नाव प्रयोगशाळेचं. बाईंचं कुठेही नाही. नियमच तसा, असं सांगायचे. नियमाला काय, तो लावणाऱ्याच्या बापाचं काही जात नाही.

बाईंना निवृत्तीला सात महिने राहिले तेव्हा पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची ठरली. त्या वेळचे साहेब माणूस बरे होते. त्यांनी समितीत मांडून मंजूर करून घेतलं, की या वेळी कोष्टकाखाली 'मोजणी' असं लिहून बाईंचं पूर्ण नाव छापायचं. बाई त्या दिवशी माझ्या काच फुंकायच्या कोठीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि माझ्या बर्नरकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं, कोणी काही फोडलं का?"

"नाव छापणार आहेत," त्या म्हणाल्या. "कोष्टकाखाली."

एवढंच. पण त्या आठवड्यात त्यांनी आपलं नाव कागदावर सुटसुटीत अक्षरात लिहून कारकुनाला तीन वेळा नेऊन दिलं. तिसऱ्या वेळी कारकून म्हणाला, बाई, तुमचं नाव मला माझ्या नावापेक्षा पाठ झालंय. बाईंनी तरी तो कागद त्याच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवला. एकतीस वर्षांत या बाईला एवढी एक गोष्ट हवी होती, आणि तीही कुणाकडे मागितली नव्हती.

आता दुसरा कोणी असता तर सात महिने खुर्चीत बसून काढले असते. बाई म्हणाल्या, नाव छापणार असाल तर आकडे मी एकदा परत बघते. कुणीही सांगितलं नव्हतं. नवीन यंत्र आलं होतं आणि ते चालवायला एक नवी केमिस्ट मुलगी. जुन्या यंत्राला तेल म्हणजे तेल, कुठलं का असेना, सगळं एकत्र मोजून टाकायचं. नवीन यंत्र एकेक द्रव्य वेगळं काढून दाखवायचं. बाई नमुने काढायच्या, मुलगी यंत्रात घालायची. बेन्झिन जुळलं. टोल्युइन जुळलं. हेक्झेन, हेप्टेन जुळलं. ऑक्टेन जुळलं नाही.

कोष्टकात ऑक्टेनचा आकडा होता १.३१. म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त. नवीन आकडा आला ०.६६. निम्मा. बाईंनी चार वेळा मोजलं. चारही वेळा तेच.

बाई जुनी वही काखेत घेऊन माझ्याकडे आल्या. वही चोवीस वर्षांपूर्वीची. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. एकाच फ्लास्कमधून पाठोपाठ काढलेले तीन नमुने: १.३४, १.३१, १.२८.

"बघा, उतरत चाललेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे पाण्यातले कण अजून बसत होते. मी पुरतं थांबले नाही."

"तुम्ही? थांबला नाहीत?" मी म्हटलं. "सूर्य थांबला नाही म्हणा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी नमुना संध्याकाळी सहाला घ्यायचा होता. सकाळी आठला दवाखान्यातून फोन आला, आईचं बरं नाही, या. मी म्हटलं, येते. आणि इथे बसून राहिले. म्हटलं, तीन दिवस घालवलेत, अजून थोडं थांबू. नऊ वाजले, दहा वाजले, उठवेना. शेवटी बाराला सहन होईना, नमुने काढले आणि पळाले. एकला पोचले. आई साडेबाराला गेली होती." मग त्यांनी वहीवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे मी सहा वाजता असं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी लिहिलं. आकडाही बिघडवला, वेळही खोटी लिहिली, आणि आईकडेही गेले नाही धड."

मी काहीच बोललो नाही. मी, ज्याचं तोंड बंद करायला बायकोला रेडिओ मोठा करावा लागतो, तो मी. कारण वहीच्या त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, 'फ्लास्क नवा', आणि तो नवा फ्लास्क मीच करून दिला होता.

हे सगळं सांगायला बसलोय तर आता लपवून काय करू. ज्या आठवड्यात ऑक्टेन मोजायचं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात बाईंचा फ्लास्क धुताना फुटला होता. मी दोन दिवसांत नवा करून दिला. फ्लास्क फुगवणं सोपं असतं, खरं काम तोटीचं. काचेचा खुंटा काचेच्या भोकात पूड लावून घासायचा, घासत राहायचं, इतका की मधे पाण्याचा कणही शिरू नये. त्याला पूर्ण एक दिवस जातो. मी अर्धा दिवस घासलं. त्या वेळच्या साहेबांचं काहीतरी तातडीचं होतं, आणि खरं सांगायचं तर हातही भरून आले होते. पाणी भरून बघितलं तर तोटी पाझरत होती. तासाला एक थेंब. एका थेंबासाठी परत अर्धा दिवस कोण घासणार? मी डब्यातलं पिवळं वंगण काडीवर घेतलं आणि खुंट्याला फासलं. पाझरणं बंद.

आता तेलाच्या कामात तोटीला वंगण चालत नाही, हे आमच्याकडे झाडणाऱ्यालाही माहीत होतं. वंगण म्हणजेही तेलच. ते पाण्यात उतरतं, आणि जुनं यंत्र त्यालाही ऑक्टेनच्या हिशेबात धरणार. बाईंनी फ्लास्क हातात घेताना विचारलं होतं, "वंगण नाही ना?"

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "बाई, माझ्या हातची तोटी आहे."

काच घासणाऱ्याला वंगणाबद्दल विचारणं म्हणजे सुगरणीला विचारणं, की चव जमली नाही म्हणून साखर घातलीस का. घातली असली तरी ती हो म्हणणार नाही. महिन्याभराने मी तडा बघतो असं सांगून फ्लास्क परत आणला, तोटी साफ केली, नीट घासून दिली. पुढची सगळी द्रव्यं त्या चांगल्या तोटीवर मोजली गेली. मला वाटलं, संपलं. एवढ्याशा वंगणाने काय होतंय?

तर हे एवढंसं. बाई वही मिटून साहेबांकडे गेल्या आणि त्यांना सगळं सांगितलं, खोट्या वेळेसकट. साहेब म्हणाले, "बाई, नवीन आकडा गुपचूप छापू. चोवीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय?"

बाई म्हणाल्या, "या आकड्यावर आपण लोकांना पाणी तपासून दिलंय, साहेब. एकचा आकडा आला की आपण सांगत होतो, विरघळलेलं आहे, काळजी नाही. तिथे सुटं तेल असणार. त्यांना कळायला नको?"

मग सगळं कागदावर आलं. पुस्तकात दुरुस्ती छापायची तर नियमाप्रमाणे चुकीचं कारण आणि चूक करणाऱ्याचं पूर्ण नाव द्यावं लागतं. बघा गंमत. बरोबर मोजणाऱ्याचं नाव छापायचं नाही हा एक नियम, आणि चुकीचं मोजणाऱ्याचं छापायचं हा दुसरा. समिती बसली. समितीने म्हटलं, ज्यांनी वहीत वेळ खोटी लिहिली त्यांचं नाव अख्ख्या कोष्टकाखाली कसं घालणार? कोष्टक पूर्वीसारखं प्रयोगशाळेच्या नावाने जाईल. दुरुस्तीच्या पानावर मात्र बाईंचं नाव येईल. बाकीचे सतरा आकडे त्या केमिस्ट मुलीने एकेक करून तपासले, एकही चुकला नव्हता. पण निर्णय झाला तो झाला. कारकुनाच्या काचेखालचा कागद बाईंनी स्वतः काढून नेला, असं तो मला सांगत होता. हे सांगताना तो रुमालाने काच पुसत होता.

आणि मी मूग गिळून बसलो होतो. एक महिना, दोन महिने, तीन महिने. खाई त्याला खवखवे म्हणतात. बोळात बाई समोरून आल्या की मी भांडारात शिरायचो. सतरा कारणं मनाशी तयार होती. कदाचित वंगणाने काही झालंच नसेल. कदाचित खरंच त्यांच्या घाईनेच झालं असेल. चोवीस वर्षांनी कोण सिद्ध करणार? आणि सांगितलं तर माझी तीस वर्षांची तोट्यांची ऐट, तिचं काय? हे शेवटचं कारण खरं, बाकीची त्याच्यावरची झाकणं.

बाईंचा शेवटचा आठवडा आला. रविवारी दुपारी मी जेवता जेवता बायकोला सांगून टाकलं. तिने वाढणं थांबवलं. "आईला भेटता आलं नाही ते नाही, आणि वर आकडा आपणच बिघडवला असं घेऊन ती बाई घरी जाणार?" ती म्हणाली. "एरवी तुमचं तोंड बंद होत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारपर्यंत ऐकू जातं. आणि हे पोटात ठेवून जेवताय?" तिने माझं ताट उचललं नाही, पण मीच ते बाजूला सारलं.

सोमवारी सकाळी बाईंच्या खोलीत गेलो. पुस्तकाची पानं छापून झाली होती. फक्त दुरुस्तीचं पान राहिलं होतं, त्यावर शुक्रवारी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, बाई सही करणार होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. काडी, वंगण, तासाला एक थेंब, 'माझ्या हातची तोटी', सगळं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला बाहेर काढतील. त्या टाक्याच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "किती लावलं होतं?"

"काडीच्या गुलाएवढं."

"कुठलं?"

"डब्यातलं पिवळं."

"तो डबा आहे अजून?"

"आहे."

"घेऊन या. आणि दोन फ्लास्क आणा. एक जुनी तोटी घेऊन तशीच अर्धवट घासा, जशी तेव्हा घासली होती."

मी म्हटलं, "बाई, मी सांगतोय ना, माझ्यामुळे झालं."

"तुम्ही सांगताय," त्या म्हणाल्या. "मोजलं कुठे कुणी?"

जित्याची खोड. मी खाली मान घालून गेलो आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाईट तोटी केली. सोमवारी संध्याकाळी दोन्ही फ्लास्क टाक्यात. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत ढवळणं. मग स्तब्ध. एकाला वंगण, पुरते तीन दिवस थांबायचं. दुसऱ्याला वंगण नाही, पण त्यातून नमुना लवकर काढायचा, शुक्रवारी दुपारी बाराला, जसा तेव्हा काढला होता. वंगणाने बिघडतं की घाईने, ते वेगवेगळं दिसणार होतं. दारावर 'थांबा' लागलं. त्या आठवड्यात बोळात कुणी चप्पल वाजवली तरी मी कोठीतून ओरडत होतो.

शुक्रवारी सकाळी मी आठला पोचलो तर बाई आधीच तोटीपाशी बसलेल्या. दुसऱ्या फ्लास्कमधून नमुना काढत होत्या.

"बाराला काढायचा होता ना?" मी विचारलं.

"बाराचाही काढीन," त्या म्हणाल्या. "आठचाही बघायचाय." आणि बाटलीवर चिठ्ठी लावली: सकाळी आठ.

मला तेव्हा नीट कळलं नाही. बाराला दुसरा नमुना काढला. चारला निरोप समारंभ झाला. साहेब चांगलं बोलले, कारकून वाईट बोलला पण मनापासून बोलला. बाईंनी दोन वाक्यं म्हटली, फुलांचा गुच्छ घेतला आणि तो हातात तसाच धरून खाली आल्या. सहाला पहिल्या, वंगणवाल्या फ्लास्कमधून तीन नमुने काढले. ते जुन्या यंत्रावर लावले, कारण चोवीस वर्षांपूर्वी तेच होतं. बाकीचे त्या मुलीने नव्या यंत्रावर आधीच लावून ठेवले होते.

वंगणवाल्या फ्लास्कचे आकडे आले १.३३, १.३०, १.२८. उतरत चाललेले, धुतलं जाईल तसं वंगण कमी होत गेलेलं. जुन्या वहीतलं पान शेजारी ठेवलं होतं, बघायचीही गरज नव्हती. मग मुलीने दुसरा कागद दिला. बाराचा नमुना ०.६६. सकाळी आठचा ०.६७.

"बाई," ती मुलगी म्हणाली, "म्हणजे तुमची घाई नव्हतीच. वेळेने काही फरक पडलेला नाही."

बाई कागदाकडे बघत होत्या. बोट सकाळी आठच्या आकड्यावर होतं. 

"आठलाच काढला असता तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "साडेआठला निघाले असते. साडेनऊला पोचले असते." मग म्हणाल्या, "तीन तास मिळाले असते."

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आलो होतो बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला, आणि उतरवून भलतंच हातात दिलं. पण खोटं तरी कसं म्हणणार? मोजलेलं होतं. बाईंनी पदराने डोळे पुसले, उघडपणे पुसले, काही लपवलं नाही, आणि मग उठून दोन्ही फ्लास्कच्या तोट्या बंद आहेत ना बघितल्या.

मी म्हटलं, "बाई, मला शिव्या द्या. मोठ्याने द्या."

"मला येत नाहीत चांगल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून शिकायला पाहिजे होत्या."

दुरुस्तीचं पान टेबलावर होतं. त्यांनी 'नमुना वेळेआधी घेतला' ही ओळ खोडली आणि वर नवी लिहायला लागल्या. मी म्हटलं, "आता माझं नाव घाला. वंगण मी लावलं, खोटं मी बोललो. साहेबांना मी आत्ता जाऊन सांगतो, तुमचं नाव कोष्टकाखाली परत घालायला लावतो."

"कोष्टकाची पानं छापून झाली," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर जमलं असतं." रागाने नाही म्हणाल्या. आकडा सांगावा तसं सांगितलं. 

"मग निदान इथे तरी घाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "काचवाले, फ्लास्क कुणाच्याही हातचा असो, तोटी काढून पांढऱ्या फडक्याने पुसून बघायची, हे मोजणाऱ्याचं काम आहे. दोन मिनिटं लागतात. त्याच्या आधीही मी दर वेळी बघत होते, त्याच्यानंतरही बघत आले. त्या एका दिवशी नाही बघितलं. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही बघितलं. मग चूक कुणाची लिहायची?"

 तीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा वादात हरलो, आणि तेही समोरच्याने आवाज न चढवता. त्यांनी ओळ पूर्ण केली, खाली सही केली, सहीखाली सुटसुटीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, आणि गुच्छ त्या मुलीला देऊन घरी गेल्या.

पुस्तक दोन महिन्यांनी आलं. माझ्याकडे एक प्रत आहे. कोष्टकाखाली प्रयोगशाळेचं नाव आहे. बाईंचं नाव अख्ख्या पुस्तकात एकदाच आहे, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टायपात. त्याच्यावर ही ओळ आहे: 'ऑक्टेनचे पूर्वीचे मूल्य चुकीचे होते. तोटीला वंगण होते. मोजणाऱ्या व्यक्तीने स्वतः तपासले नाही, सांगितल्यावर विश्वास ठेवला.' कुणी सांगितल्यावर, ते छापलेलं नाही. बाईंनी ते लिहू दिलं नाही.